कापलेल्या अकरा सेकंदांबद्दल लिही

ताई, नमस्कार.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात आम्हाला ‘सोशल मीडियाचा प्रभाव’ या विषयावर काहीतरी सर्जनशील करायला सांगितलं होतं. आमच्या पाच जणांच्या गटाने चार मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. एक मुलगी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असते, घरचे काय बोलतात याकडे तिचं लक्षच नसतं, मग ती एकटी रडते आणि शेवटी मोबाइल उलटा ठेवून खिडकीबाहेर बघते. एडिटिंग माझ्याकडे होतं. वर्गात दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या.

मग गटाने ठरवलं, इन्स्टाग्रामवर टाकू. त्यासाठी मी ती उभ्या फ्रेममध्ये बसवली, दीड मिनिटावर आणली, रडण्याचा शॉट सगळ्यात आधी घेतला. मध्ये अकरा सेकंदांचा एक शांत शॉट होता, आई दारात उभी राहून “बरं वाटतंय ना?” विचारते आणि उत्तराची वाट बघते, तो काढून टाकला. त्या रात्री आम्ही पाचही जण व्ह्यूज बघत जागे होतो. मी तर अंघोळीला जातानाही मोबाइल घेऊन गेले. जिने काम केलं त्या मैत्रिणीच्या दिसण्यावर काही वाईट कमेंट आल्या. ती दोन दिवस गप्प होती, पण आता ठीक आहे.

आता मॅडमनी प्रत्येकाकडून हजार शब्दांचं रिफ्लेक्शन, म्हणजे प्रकल्पाच्या अनुभवावर स्वतः विचार करून लिहिलेला लेख, मागितलंय. लिहायला बसलं की मला फार ढोंगी वाटतं. फिल्ममध्ये सांगितलं एक आणि केलं भलतंच. खरं लिहिलं तर मार्क जातील, गटातले चिडतील. खोटं लिहायला हात धजत नाही. गटातला एकजण म्हणतो, एआयला सांग, पाच मिनिटांत लिहून देईल. काय करू?

— गोंधळलेली एडिटर

प्रिय एडिटर,

तुझं रिफ्लेक्शन निम्मं लिहून झालंय. पत्रातला दुसरा परिच्छेद पुन्हा वाच. मॅडमना जे हवंय ते तिथे आहे आणि तू ते मला पाठवून मोकळी झालीस.

आधी तो ‘ढोंगी’ शब्द बाजूला ठेव. माणूस स्वतःला ढोंगी म्हणाला की विचार करणं थांबतं. निकाल लागला, आता तपास कशाला? आणि तुझ्याकडून तर तपासच हवाय. सोशल मीडियाच्या प्रभावावर तुम्ही फिल्म केलीत आणि ती करताना तो प्रभाव तुमच्यावरच चालला. तोही तारीख-वेळेसकट, दोन वेगवेगळ्या फाइलींमध्ये नोंद होऊन. असा पुरावा फार कमी विद्यार्थ्यांच्या हाती लागतो. त्याची लाज कसली वाटून घेतेस?

आता फिल्मबद्दल थोडं कडू बोलते. अंधारी खोली, चेहऱ्यावर मोबाइलचा निळा उजेड, डोळ्यांत पाणी, मग खिडकी: हा विषय दिला की निम्म्याहून अधिक वर्ग हीच गोष्ट करतो. वर्गात टाळ्या पडल्या त्यातही नवल नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ती मुलगी म्हणजे आपण आहोत असं वाटलं नसणार. ‘हो ना, लोक किती वाहवत जातात,’ एवढंच वाटलं असेल. त्यातले ‘लोक’ म्हणजे कायम दुसरे कोणीतरी.

या सवयीचा अभ्यास झालेला आहे. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञाने 1983 साली असं मांडलं की माध्यमांचा परिणाम इतरांवर जास्त होतो आणि आपल्यावर कमी, असं बहुतेकांना वाटत असतं. ‘तृतीय पुरुष परिणाम’ म्हणून ही कल्पना ओळखली जाते. तेव्हा चर्चा वर्तमानपत्रं, टीव्ही, प्रचार यांची होती, पण तुमच्या पटकथेला ती तंतोतंत लागू पडते. दिवसभर इन्स्टाग्रामवर असणाऱ्या पाच जणांनी मिळून गोष्ट लिहिली आणि त्यातली मुलगी पाचांपैकी कोणीच नव्हती. पटकथा लिहिताना ‘हे आपल्यापैकी कोणाच्या बाबतीत खरं आहे?’ असं कोणी विचारलं होतं का? आठवून बघ. विचारलं नसेल, तर ते न विचारणंसुद्धा रिफ्लेक्शनमध्ये येऊ दे.

पण माझं सगळं लक्ष अडकलंय ते त्या अकरा सेकंदांत.

आई दारात उभी राहते, विचारते, वाट बघते. मुलगी मान वर करत नाही. मला फिल्म न बघता कळतंय की अख्ख्या चार मिनिटांत हाच एक शॉट असा होता, जिथे बघणाऱ्यालाही आईबरोबर ताटकळावं लागत होतं. बाकी ठिकाणी तुम्ही प्रभाव ‘दाखवलात’, इथे तो अंगावर येत होता. आणि नेमका तोच तू काढलास. का? तू पत्रात कारणही दिलेलं नाहीस, इतकं ते तुला उघड वाटलं. रीलमध्ये अकरा सेकंद काहीच घडलं नाही तर माणूस अंगठा वर सरकवणार. हे तुला कोणी शिकवलं? कंपनीचं पत्र आलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं नव्हतं. हजारो व्हिडिओ स्वतः सरकवताना तुझ्या बोटांना ते पाठ झालंय. म्हणजे बघणारी म्हणून झालेली सवय आता करणारीच्या हातून काम करून घेतेय. मोबाइलकडे बघत बसलेल्या मुलीपेक्षा हा प्रभाव कितीतरी खोल आहे आणि तुमच्या फिल्ममध्ये त्याचा मागमूस नाही. तो रिफ्लेक्शनमध्ये येऊ दे.

त्यासाठी एक काम कर. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टाइमलाइन शेजारी शेजारी उघड, चार मिनिटांची आणि दीड मिनिटाची. प्रत्येक बदल वहीत उतरवून काढ: काय काढलं, काय पुढे आणलं, संगीत कुठे वाढवलं, कुठल्या वाक्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर टाकला. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिही, हे गोष्टीला हवं होतं की फीडला? काही उत्तरं तुला बरं वाटेल अशी येतील. चार मिनिटांत खरोखरच पाणी घातलेलं असेल आणि कापल्याने फिल्म सुधारलीही असेल. तेही लिही. छोटं म्हणजे वाईट आणि लांब म्हणजे थोर असलं काही नसतं. पण दहा-बारा ओळींची ही यादी झाली की हजार शब्द कुठून आणायचे ही चिंता संपेल. उलट काय गाळायचं हा प्रश्न पडेल.

आता त्या जागरणाबद्दल. ‘आम्ही व्ह्यूज बघत बसलो, आम्हाला व्यसन लागलंय’ असं लिहून सोडून देऊ नकोस. का बसलो, ते लिही. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट वारंवार दिसली: बक्षीस म्हणून दाणे ठरावीक वेळाने मिळाले तर कबूतर मध्ये मध्ये थांबतं, पण ते कधी मिळतील याचा नेम नसेल तर बटणावर चोच मारतच राहतं. तुमचे व्ह्यूज तसेच आले असणार. वीस मिनिटं काही नाही, मग एकदम उसळी, मग पुन्हा काही नाही. दर मिनिटाला मोजून दहा व्ह्यूज आले असते तर तुम्ही पाचही जण अकरा वाजता झोपला असता. आणि या ओढीमागच्या रचनाही माणसांनीच केलेल्या आहेत. ‘लाइक’चं बटण फेसबुकवर फेब्रुवारी 2009 मध्ये आलं. खाली सरकवत गेलं तरी पान कधी संपतच नाही, ही रचना त्याच्याही आधीची, 2006 सालची. ती ज्याने तयार केली त्या एझा रॅस्किनने पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. खुद्द इन्स्टाग्रामने 2019 मध्ये काही देशांत लाइकचे आकडे लपवून पाहिले आणि 2021 मध्ये ज्याला हवं त्याने ते लपवावेत अशी सोय दिली. म्हणजे आकड्याचं ओझं होतं, ही शंका कंपनीलाही आलेली होती. यातली एखादी गोष्ट तुमच्या त्या रात्रीला जोडून घे, सगळ्या कोंबू नकोस. मॅडमना माहितीपत्रक नकोय.

एक सावधगिरी मात्र बाळग. फिल्मचं म्हणणं होतं की मोबाइलमुळे मुलगी दुःखी झाली. ते इतकं सरळ नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्रयू शिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासून 2019 मध्ये निष्कर्ष काढला की मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर 0.4 टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो. दुसऱ्या बाजूला, 2021 मध्ये फ्रान्सेस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली, त्यात कंपनीच्याच पाहणीत काही किशोरवयीन मुलींनी म्हटलं होतं की आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. लाखो मुलांची सरासरी काढली की परिणाम नगण्य दिसतो, पण सरासरीला चेहरा नसतो आणि तुझ्या मैत्रिणीला आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. सध्या एवढंच, की ‘आज फिल्म पुन्हा केली तर तिचं म्हणणं काय असेल?’ यावर एक परिच्छेद खर्च कर. तुझं आजचं उत्तर पहिल्या पटकथेपेक्षा वेगळं असेल याची मला खात्री आहे, आणि ‘काय शिकलात’ याचं उत्तर तरी दुसरं काय असतं?

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. मॅडमनी काही मथळे दिले असतील: काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं-वाईट झालं, का झालं, त्यातून काय निघालं, पुढच्या वेळी काय कराल. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्स यांनी 1988 मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्या म्हणतात त्या ह्याच, आणि बऱ्याच ठिकाणी रिफ्लेक्शनसाठी त्या वापरतात. विचार करायला त्या चांगल्या आहेत. पण प्रत्येक पायरीला मोजून तितकेच शब्द द्यायची गरज नाही. ‘काय घडलं’ हे चार ओळींत उरक, फिल्म मॅडमनी बघितलीय. ‘का झालं’ इथे मुक्काम कर.

आणि काही वाक्यं तुझ्या लेखात दिसली तर मी समजेन की तू माझं पत्र वाचलंच नाहीस. ‘या प्रकल्पातून मला संघभावनेचं महत्त्व कळलं.’ ‘वेळेचं नियोजन शिकायला मिळालं.’ ‘सोशल मीडिया ही दुधारी तलवार आहे.’ हे सगळं प्रकल्प न करताही लिहिता येतं, म्हणून ते कुचकामी. समज, तू लिहिलंस: ‘या प्रकल्पामुळे मला सोशल मीडियाच्या दुष्परिणामांची जाणीव झाली.’ ते खोड आणि खरं काय घडलं ते लिही. उदाहरणार्थ: ‘आईचा शॉट कापताना मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही व्ह्यूज थांबल्यावर.’ हे तुझ्या बाबतीत असंच घडलंय का मला ठाऊक नाही, घडलं नसेल तर उचलू नकोस. पण असं वाक्य वाचलं की पेपर तपासणारं माणूस पेन खाली ठेवून पुढे वाचतं.

ऊर बडवून घेणंही नको. ‘मी किती वाहवत गेले, मी किती वाईट’ हे दोन परिच्छेद चाललं की तेसुद्धा एक प्रकारचं दाखवणंच होतं. जसं घडलं तसं, शांत आवाजात लिही. शेवटी ‘यापुढे मी मोबाइल कमी वापरेन’ अशी शपथ तर अजिबात घालू नकोस. मॅडमच्या टेबलावर तसल्या शपथांचा गठ्ठा असेल. खरोखर काही बदललं असेल, समजा नोटिफिकेशन बंद केलीस, तर एका ओळीत सांग. नसेल बदललं तर ‘अजून बदललेलं नाही’ असं लिहायलाही हरकत नाही.

एआयबद्दल तुझ्या मित्राला सांग की पाच मिनिटांत ते नक्कीच लिहून देईल, आणि त्यात दुधारी तलवार असेल. त्याने तो शॉट बघितलेला नाही, ती रात्र जागवलेली नाही. कॉलेजचे नियम परवानगी देत असतील तर शुद्धलेखन तपासून घे, बाकी लांब ठेव. स्वतःच्या अनुभवावर विचार करायचं काम दुसऱ्याला दिलं तर उरलं काय?

मार्कांची हमी मी कशी देणार? पण मार्क कशाला आहेत हे मॅडमना आधीच विचारता येतं. रिफ्लेक्शनमध्ये सहसा विचार किती खोल गेला ते बघतात, फिल्मचा संदेश किती निष्ठेने पाळला ते नाही. तासानंतर दोन मिनिटं थांबून सरळ सांग: “मॅडम, फिल्म ऑनलाइन टाकताना आम्ही ती कशी बदलली, त्याबद्दल लिहिणार आहे. चालेल ना?” नाही म्हणणाऱ्या शिक्षिका मला तरी माहीत नाहीत. निघाल्याच, तर निदान आधी कळेल.

गटातल्यांचं म्हणशील, तर एक नियम पाळ. जे गटाने मिळून ठरवलं त्यालाच ‘आम्ही’ म्हण. फिल्म ऑनलाइन टाकायची, हे आम्ही ठरवलं. कापलं मी. मोबाइल अंघोळीला नेला मी. दुसरा कोण किती वेळ जागा होता, कोणी कोणाला लाइक करायला सांगितलं, हे त्यांच्या रिफ्लेक्शनचं सामान आहे, तुझ्या नाही. एवढं सांभाळलंस तर चिडायला कोणाला जागा राहणार नाही. तरी कोणी चिडलंच तर चिडू दे, एखादा दिवस.

आता तुझ्या मैत्रिणीबद्दल. पत्रभर तू मार्कांची काळजी केलीस आणि हे एका ओळीत, ‘पण आता ठीक आहे’ म्हणून संपवलंस. ठीक आहे हे तिने सांगितलं, की ती पुन्हा बोलायला लागली म्हणून तू धरून चाललीस? रडतानाचा तिचा चेहरा पहिल्या तीन सेकंदांत आला तो तुझ्या कापाकापीमुळे. वर्गातल्या फिल्ममध्ये तो चेहरा गोष्टीच्या शेवटाकडे होता, तिथवर पोचलेल्या माणसाला ती मुलगी कोण हे माहीत झालेलं असायचं. रीलमध्ये ती कोणीच नव्हती, नुसता एक चेहरा, समोर ठेवलेला. वाईट कमेंट लिहिणारे त्यांच्या कर्माचे धनी, ते पाप मी तुझ्या माथी मारत नाहीये. पण मांडणी बदलली की माणसाकडे बघण्याची नजर बदलते, हे तुझ्या प्रकल्पातलं सगळ्यात महागात पडलेलं शिक्षण आहे आणि त्याची किंमत तिने मोजलीय.

म्हणून रिफ्लेक्शनच्या आधी तिला भेट. मेसेज नको, समोर बसून बोल. व्हिडिओ अजून वर आहे का? असेल तर तो राहावा का, हे तिने ठरवायचं, मतदान घेऊन गटाने नाही. ती ‘राहू दे’ म्हणाली तर निदान कमेंट बंद करता येतात आणि असलेल्या काढून टाकता येतात, ते दोघी मिळून करा. ‘काढ’ म्हणाली तर त्याच दिवशी काढ. व्ह्यूज कितीही असोत. तिच्याबद्दल जो परिच्छेद लिहिशील तो मॅडमच्या आधी तिला वाचायला दे. नको म्हणाली तर गाळ, कमेंटमधले शब्द तर काही झालं तरी लिहू नकोस. त्या अकरा सेकंदांवरच तुझे हजार शब्द आरामात होतील. आणि लेखासोबत लिंक द्यायची असेल तर इन्स्टाग्रामची देऊ नकोस, मूळ चार मिनिटांची फाइल दे.